सम्राटाचा पूर्वपक्ष

तो प्राध्यापक मला पहिल्या भेटीतच आवडला नाही, आणि मीही त्याला आवडले नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई एकतर्फी लिहिते. एकतर्फीच लिहितेय. त्याची बाजू मांडायला त्याचे शिष्य पैशाला पासरी आहेत. माझी मांडायला मी सोडून कुणी नाही.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या गावी मी शिकायला गेले. पुण्यात संस्कृत घेऊन एम.ए. केलं होतं, आणि एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांकडे सायकल हाणत जाऊन लॅटिन शिकले होते. लॅटिन कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालं होतं. मला रोम आवडायचं, एवढंच खरं उत्तर होतं, पण ते कुणाला पटायचं नाही. संस्कृत मला घरचं होतं. आजोबा शिकवायचे, बाबा शिकवायचे, त्यात मी चांगली असण्यात नवल ते काय. रोमशी माझा काडीचा संबंध नव्हता, तिथलं जे काही मला येत होतं ते मी स्वतः कमावलेलं होतं.

तिथे ग्रीक आणि लॅटिनचा मिळून एक विभाग होता, त्याला क्लासिक्स म्हणत. मला तिथे एका वर्षासाठी प्रवेश मिळाला. पुढे पीएच.डी.साठी रोमन इतिहासात त्या साली एकच जागा होती. ती कुणाला द्यायची हे हा प्राध्यापक ठरवणार, आणि तो ठरवणार त्याच्या सेमिनारमधलं काम बघून. जागा मिळाली तर पुढची पाच वर्षं रोम. नाही मिळाली तर मे महिन्यात गाशा गुंडाळून पुण्याला परत. मी कशासाठी भांडत होते ते कळावं म्हणून हे सांगितलं.

सत्र सुरू व्हायच्या आधी विषय निवडायची जत्रा भरायची. जत्राच म्हणायची, कारण ती व्यायामशाळेत असे. बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडलेली, प्रत्येक विभागाचं एक, आणि पोरं या रांगेतून त्या रांगेत पळतायत. कुठला प्राध्यापक मार्क सढळ हाताने देतो, कुठला तास सकाळी आठला असतो, कुठल्या विषयाला परीक्षा नाही, याचीच चर्चा. माझ्या पुढच्या मुलीने रोमन स्वयंपाक आणि मेजवान्या हा विषय घेतला, का तर शेवटी सगळे मिळून जेवायला बसतात. मी लॅटिन गद्य घेतलं, शिलालेख घेतले, आणि तिसरा हा सेमिनार: रोमन इतिहासाची साधनं. म्हणजे रोमबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते कुणी लिहून ठेवलंय, आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, यासाठी आधी प्रोफेसरांना भेटून परवानगी आणा.

गेले. खोलीत पाइपचा धूर आणि शेल्फवर त्याचं स्वतःचं पुस्तक, एक नाही, तीन प्रती. त्याने माझे कागद चाळले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला की तुमचं संस्कृत उत्तम दिसतंय, तो विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, मी दुसऱ्या मजल्यावर आले आहे. त्याने विचारलं, रोमच का? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या तिसऱ्या मजल्यावर ओहायो आणि आयोवाची गोरी मुलं बसून पाणिनी घोकत होती, त्यांना कुणी विचारत नव्हतं की पाणिनीच का. ते जिज्ञासू, आणि मी म्हणजे मजला चुकलेली. पण तोंड आवरलं. म्हटलं, परीक्षा घ्या. त्याने शेल्फवरचं एक पुस्तक काढून मध्येच उघडून दिलं, मी वाचून अर्थ सांगितला, आणि त्याने नाइलाजाने होकार दिला. उठताना म्हणाला, बघू किती झेपतं.

दुसरा माणूस, ज्याच्याबद्दल मी एकतर्फी लिहिणार आहे, तो वर्गात भेटला. त्याला मी मनात कॉर्डरॉय म्हणायचे, कारण थंडी असो की ऊन, अंगावर तोच तपकिरी कॉर्डरॉयचा कोट. श्रीमंत घरचा, पूर्वेकडच्या कुठल्याशा बोर्डिंग शाळेत लहानपणापासून लॅटिन शिकलेला. त्यालाही तीच जागा हवी होती. बाकीच्यांना फक्त श्रेणीशी मतलब, त्यामुळे खरी लढत आम्हा दोघांत होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. पहिल्या दिवशी मी मोठ्याने वाचायला लागले. पाद्रीबाबांचे उच्चार चर्चमधले, ते माझ्या जिभेवर बसलेले. कॉर्डरॉय शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, आता प्रसाद कधी वाटणार? सगळे हसले. प्राध्यापकही हसला, मिशीत. मी आठवडाभर तळघरात बसून उच्चार बदलले, पण ते हसू काही विसरले नाही.

तळघर म्हणजे काकूंच्या घराचं. काका बाबांचे जुने मित्र, सर्जन. ते घरी फक्त झोपायला यायचे. काकू मूळच्या नागपूरच्या, वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या, आणि जिभेला हाड नसलेल्या. त्यांनी मला राहायला जागा दिली, जेवायला दिलं, आणि वर रोज ऐकवलं. "अगं, कॉम्प्युटर कर, यार. दोन वर्षांत कार घेशील. हे मेलेले रोमन तुला काय देणार आहेत, पेन्शन?" मी म्हणायचे, काकू, तुम्ही भाजी करा. त्या म्हणायच्या, भाजी झाली, तुझं काय ते बघ. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

सेमिनार चालायचा दर गुरुवारी दुपारी, एका लांबलचक टेबलाभोवती. वर्षाचा विषय एकच सम्राट: रोमचा तो म्हातारा, घुम्या, संशयी सम्राट, जो शेवटी राजधानी सोडून एका बेटावर जाऊन बसला. त्याच्याबद्दल कुणीच चांगलं लिहिलेलं नाही. सगळ्यात मोठं साधन म्हणजे एका सिनेटरने लिहिलेला इतिहास, तोही सम्राट मरून दोन पिढ्या उलटल्यावर. त्यात सम्राट म्हणजे ढोंगी, क्रूर, राजद्रोहाचे खटले भरून भल्याभल्यांना मारणारा. आमच्या प्राध्यापकाचं ते तीन प्रतींचं पुस्तक याच सिनेटरवर होतं. त्याचं म्हणणं, हा इतिहासकार थोडा कडवट असेल, पण खरा आहे. सम्राट तसाच होता. कॉर्डरॉय वर्गात उलट बोलायचा, सम्राटाला बदनाम केलंय वगैरे. पण ते वाद घालणं लाडाचं होतं. घरचं पोर आजोबांची काठी लपवतं आणि आजोबा कौतुकाने शोधतात, तसं त्यांचं चालायचं.

प्रत्येकाला एक गुरुवार मिळायचा. माझा आला तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता. मला नेमून दिलेला प्रश्न: राजद्रोहाच्या खटल्यांबाबत या इतिहासकारावर विश्वास ठेवावा का? माझं उत्तर तयार होतं. ठेवावा. प्राध्यापकाचीच बाजू, आणि ती मी धूर्तपणे घेतली होती असं कुणाला वाटलं तर वाटू दे, मला ती तेव्हा पटलेलीही होती. पण मांडायची कशी? इथे माझं पुणं आडवं आलं.

पुण्यात मी एका शास्त्रीबुवांकडे न्याय, म्हणजे आपलं जुनं तर्कशास्त्र, शिकले होते. तिथली रीत अशी, की स्वतःचं मत म्हणजे सिद्धान्त, तो शेवटी सांगायचा. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू. आणि ती लेचीपेची मांडायची नाही. शास्त्रीबुवा म्हणायचे, समोरचा माणूस स्वतः मांडणार नाही इतकी चांगली मांड. त्याने ऐकून मान डोलवली पाहिजे, की हो, हेच मला म्हणायचं होतं. मग पाड. दुबळा पूर्वपक्ष मांडून जिंकलेल्या विद्यार्थ्याला ते पुन्हा पहिल्यापासून उभं करायचे. आणि पूर्वपक्ष मांडताना "असं त्यांना वाटतं" असं शेपूट प्रत्येक वाक्याला लावायचं नाही. त्याच्या तोंडाने बोलायचं, छातीठोक. ऐकणाऱ्याला ठाऊक असतंच की हा पूर्वपक्ष आहे. सदाशिव पेठेत असायचं ठाऊक. मिडवेस्टमध्ये नसणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. श्वास कसा घ्यायचा हे कुणी कुणाला सांगतं का?

तर मी सुरू केलं, सम्राटाच्या वकिलासारखं. म्हटलं, या इतिहासकाराची विशेषणं बाजूला काढा आणि नुसत्या घटना बघा. त्याने स्वतः नोंदवलेले खटले एकेक करून घ्या. किती जण सुटले? कितींचा खटला सम्राटाने स्वतः हाणून पाडला? कितींना शिक्षा झाली ती सम्राट गावात नसताना, परस्पर? घटना एक सांगतात आणि विशेषणं भलतंच. सम्राटाने दया दाखवली की हा लिहितो, ढोंग होतं. कठोर वागला की लिहितो, आता खरा स्वभाव बाहेर आला. मग माझ्या तोंडून गेलं की आमच्याकडे काही सासवा सुनेबद्दल असंच बोलतात. सून गोड बोलली तर नाटकी, फटकन बोलली तर बघा, दाखवले रंग. त्या सुनेने करावं तरी काय? अख्खं टेबल हसलं. या वेळी माझ्यावर नाही, माझ्याबरोबर. प्राध्यापक हसला नाही. त्याने पाइप टेबलावर ठेवला.

कॉर्डरॉयला तर आनंदाचं भरतं आलं होतं. सत्रभर तो जे अर्धवट बोलत होता ते मी सगळं गोळा करून, पुराव्यानिशी, ओळीने लावून मांडत होते. तो मध्ये मध्ये एक्झॅक्टली म्हणायचा, मान डोलवायचा, प्रश्न विचारून मला आणखी पुढे न्यायचा. शास्त्रीबुवांची अट अक्षरशः पुरी होत होती आणि मला हुरूप चढत होता. त्या नादात वेळेचं भान राहिलं नाही. सिद्धान्ताला हात घालायच्या आधीच तास संपला.

प्राध्यापकाने विचारलं, "हे तुमचं मत आहे?"

"नाही," मी म्हटलं. "ही समोरची बाजू. माझं मत याच्या उलट आहे. ते मी आता सांगणार होते."

प्राध्यापकाला कळेचना. म्हणजे तुमचा ज्यावर विश्वास नाही तेच तुम्ही इतका वेळ, इतक्या आवेशाने सांगत होतात? मी पूर्वपक्ष म्हणजे काय ते समजावायचा प्रयत्न केला. माझ्या इंग्रजीत ते फार बरं उतरलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जणू मी त्याच्या घरी चहा पिऊन चमचा खिशात घातलाय. शेवटी म्हणाला, ठीक आहे, पुढच्या गुरुवारी तुमचं खरं मत ऐकू, असलं तर.

तो आठवडा फार वाईट गेला. बस पकडून लायब्ररीत जायचं, परत यायचं, तळघरात बसायचं. खंडनासाठी माझ्याकडे तीन मुद्दे होते. पहिला, इतिहासकाराला सिनेटचं दप्तर बघायला मिळत होतं, म्हणजे त्याची माहिती पक्की. तो मी मांडून बघितला आणि हातात राहिना. दप्तरातून त्याने घेतल्या त्या घटना, आणि घटना तर सम्राटाच्याच बाजूने बोलतात. विशेषणं कुठल्या दप्तरात होती? दुसरा मुद्दा, बाकीचे लेखकही तेच लिहितात. बघायला गेले तर सगळ्यांनी एकाच विहिरीचं पाणी भरलेलं. घागरी चार, पाणी तेच. तिसरा मुद्दा प्राध्यापकाच्या पुस्तकातला, सगळ्यात दमदार: दहशत आकड्यात मोजायची नसते, एकाला मारलं की शंभर घाबरतात. याच्यावर मी सगळी भिस्त ठेवली होती. मग विचार आला, घाबरवलं कुणी? हे खटले भरत कोण होतं? सिनेटर्सच, एकमेकांवर. सम्राटाची मर्जी राखायला, शेजाऱ्याचं वावर गिळायला. आणि हा इतिहासकार त्याच सिनेटमध्ये वाढलेला. पुढे एका खरोखरच्या जुलमी सम्राटाच्या काळात तोही तिथे गप्प बसून होता, पदं घेत होता, आणि तो जुलमी मेल्यावर मग याने लेखणी उचलली. आपल्या जमातीचं पाप त्याने सोयीने एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलं होतं.

पूर्वपक्ष पडत नव्हता. तो मीच इतका पक्का बांधला होता की मलाच त्यात दार सापडेना.

काकू भेंडी चिरत होत्या, त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, सुनेच्या दाखल्याला खूश होऊन हसल्या, आणि मग म्हणाल्या, "मग यात रडायचं काय? त्याला हवं ते बोलून टाक. तीन मुद्दे आहेत ना तुझ्याकडे? फाडफाड बोल, जागा घे, मोकळी हो."

"काकू, ते मुद्दे खोटे आहेत."

"मेलेल्या राजाला काय फरक पडतोय? तो काय कोर्टात जाणार आहे? तुला इथे राहायचंय ना? अडला हरी, गाढवाचे पाय धरी. धर."

मी जेवले नाही. काकूंवर चिडले म्हणून, आणि त्या चूक बोलत नव्हत्या म्हणूनही. जागा मला जिवापाड हवी होती. खरं सांगते, बुधवारी मी ते तीन मुद्दे इलेक्ट्रिक टाइपरायटरवर सुबक टाइप केले. दिसायला झकास दिसत होते. गुरुवारी सकाळी वाचले आणि स्वतःचीच किळस आली. शास्त्रीबुवा समोर असते तर त्यांनी ते कागद हातातही घेतले नसते. कागद तळघरात ठेवले आणि मोकळ्या हाताने बसमध्ये चढले.

वर्गात मी काही बोलायच्या आधी कॉर्डरॉयने हात वर केला. म्हणाला, प्रोफेसर, मला आधी थोडं बोलायचंय. गेल्या आठवड्यात ही बाजू एवढ्या विस्ताराने ऐकल्यावर तिच्यातला पोकळपणा मला पहिल्यांदाच जाणवला. मी सत्रभर चुकत होतो. आणि मग त्याने इतिहासकाराच्या बाजूने दोन मुद्दे मांडले. सिनेटचं दप्तर, आणि बाकीचे लेखक. माझेच फेकून दिलेले पहिले दोन मुद्दे. प्राध्यापकाचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेलं पोर जेवायच्या वेळेला घरी आलं. मी कॉर्डरॉयकडे बघत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. गेल्या गुरुवारी मान डोलवणारा हा प्राणी वारा कुठला आहे ते बघून रातोरात सूप फिरवून बसला होता.

प्राध्यापक माझ्याकडे वळून म्हणाला, तुम्हीही आता हेच म्हणणार असाल.

मी नाही म्हटलं. दप्तराचा मुद्दा का टिकत नाही ते सांगितलं. विहीर आणि घागरी सांगितल्या. कॉर्डरॉय काहीतरी बोलायला गेला, त्याला मी बोलू दिलं नाही. सत्रभर तुझंच म्हणणं होतं हे, आता निदान ऐक, असं तोंडावर सुनावलं. मग प्राध्यापकाने स्वतः तिसरा मुद्दा काढला, दहशत मोजायची नसते. थंड आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करून. मी सांगितलं, दहशत होती, पण खटले भरणारे सिनेटर्स होते. हा लिहिणारा त्यांचाच माणूस. जो गप्प बसून पदं घेतो आणि धोका टळल्यावर शूर होतो, त्याची साक्ष मी सम्राटाविरुद्ध धरणार नाही. बोलत होते ती रागाने. घाबरलेही होते.

"म्हणजे गेल्या आठवड्यात तुम्ही तुमचंच मत मांडलंत," तो म्हणाला, "आणि ते दुसऱ्याचं म्हणून खपवलंत. याला काय म्हणायचं ते मला कळत नाही."

"तसं नाही," मी म्हटलं. "गेल्या आठवड्यात ते माझं मत नव्हतं. मी ते पाडायला निघाले होते. नाही पडलं. आमच्याकडे अशा वेळी उभं राहून सांगायचं असतं, की मी हरले."

"मग तुम्ही हरलात."

"हो सर. पण मी तुमच्या बाजूने लढत होते."

त्याने घड्याळ बघितलं, पुढच्या गुरुवारी कुणाची पाळी ते सांगितलं, आणि तास वेळेआधीच संपवला.

आठवडाभराने त्याने मला खोलीत बोलावलं. कॉर्डरॉयची निवड झाली होती. प्राध्यापकाने मला बुद्धिमान म्हटलं, चिकाटीची म्हटलं, आणि मग म्हणाला की तुम्ही नेमक्या कुठे उभ्या आहात ते वाचणाऱ्याला कळत नाही, इतिहासात हे चालत नाही. तिसऱ्या मजल्यावर तुमची पद्धत समजून घेतील, मी त्यांना फोन करायला तयार आहे. मी आभार मानले नाहीत. दार मात्र हळू लावलं, आपटलं नाही, याचा मला आजही पश्चात्ताप होतो. बसमध्ये रडू फुटलं. शेजारच्या बाईने कागदी रुमाल दिला, तिने काही विचारलं नाही.

काकूंना सांगितलं तर त्या आधी खूप चिडल्या. मूर्ख आहेस, हातचं घालवलंस, तुझ्या बाबांना मी काय तोंड दाखवू, काय नि काय. मी उलट बोलले, त्याही बोलल्या. मग त्यांनी ताट वाढलं, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून त्या प्राध्यापकाला नागपुरी शिव्या घातल्या. त्यातल्या दोन मला नवीन होत्या. त्याने बरं वाटलं.

तिसऱ्या मजल्यावर मी गेले नाही. पुण्यालाही परतले नाही. न्यू जर्सीतल्या एका शाळेला लॅटिनचा शिक्षक मिळत नव्हता, त्यांना मी मिळाले, आणि तिथेच मी आयुष्यभर शिकवलं. पोरं ढ होती, काही गोड होती. रोमची पाच वर्षं ती राहूनच गेली. आता त्याचं दुःख होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण होतं.

मे महिन्यात सामान बांधून विभागातला माझा कप्पा रिकामा करायला गेले, तेव्हा कॉर्डरॉय व्हरांड्यात भेटला. उन्हाळा आला तरी कोट तोच. त्याने हात पुढे केला, म्हणाला, मनात काही ठेवू नकोस. मी हात घेतला नाही. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तू म्हणालीस ते सगळं बरोबर होतं. मला तेव्हाही पटलं होतं. नोकरी पक्की झाली ना, की मी हेच लिहिणार आहे. प्रस्तावनेत तुझे आभार मानीन."

मी त्याला मराठीत काय ते सांगितलं आणि चालू लागले.

नोकरी त्याची पक्की झाली. मग तो प्रोफेसर झाला, विभागप्रमुख झाला, आता निवृत्तीला आला असेल. त्याची पुस्तकं शहाण्या लोकांत नावाजली जातात. नवीन आलं की मी लायब्ररीतून मागवून घेते, आणि बाकी काही न वाचता आधी त्या म्हाताऱ्या सम्राटाचं प्रकरण उघडते. प्रत्येक पुस्तकात तो तितकाच दुष्ट आहे.